ठराव खाणारी शेळी गेली कुठे?

१

"ताई! शेळी गेली!"

दीपक आहेरने वरच्या हॉलच्या खिडकीतून अशी आरोळी ठोकली, की खाली मिसळीचा पहिला घास घेतलेल्या ज्योत्स्नाताईंना जोराचा ठसका लागला. शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून रस्त्याकडे बघायला लागले. बिचाऱ्यांना वाटलं, खरीखुरी शेळी सुटली.

ज्योत्स्नाताई पगारे एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालेल्या. उभा जन्म बसस्थानकाच्या माइकवर गेलेला, त्यामुळे आवाज असा की समोरच्याने आपोआप सरळ उभं राहावं. पाव तसाच टाकून त्या जिना चढल्या, आणि मधल्या मोठ्या फळ्यासमोर येऊन थबकल्या.

फळ्याच्या बरोबर मध्यभागी, झेंडूच्या माळेखाली, रिकामं लाल कापड होतं. तासाभरापूर्वी तिथे एक पिवळं पडलेलं कात्रण टाचलेलं होतं: 'ठराव शेळीने खाल्ला, सरपंच वाचले!'

आता ही काय भानगड, ते सांगायला हवं. 'आक्रीत' हा ज्योत्स्नाताईंचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप. सकाळी सुविचार नाही, गुलाबाची फुलं नाहीत, राजकारण तर मुळीच नाही. इथे टाकायच्या फक्त चमत्कारिक बातम्या, आणि त्यांच्या जोडीला आपापल्या घरची खबरबात. कुणाची गाय व्याली, कुणाच्या पोरीचा दात पडला, कुणाचा खडा निघाला, त्या खड्याचा फोटोसुद्धा. इगतपुरीपासून नांदगावपर्यंत पसरलेली शंभरेक माणसं. एकमेकांना फक्त गोल फोटोतून ओळखणारी, पण एखाद्याने सकाळी मेसेज टाकला नाही तर जिवाला घोर लावून घेणारी. आणि ताईंचा एकच कडक नियम: खोटी बातमी टाकणारा त्याच दिवशी बाहेर. इतक्या वर्षांत एकालाही काढायची वेळ आली नव्हती. याचा ताईंना एवढा अभिमान, की भाजीवालीलासुद्धा सांगून झालेलं.

आज त्या सगळ्या माणसांचा पहिला मेळावा होता. नाशकात, अशोकस्तंभाजवळ, एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये. गाजलेल्या कात्रणांचं प्रदर्शन, आणि दुपारी 'वर्षाचं आक्रीत' म्हणून शाल-श्रीफळ. मत देऊन सगळ्यांनी शेळी निवडली होती. एका गावात सरपंचावर अविश्वास ठराव आला, ग्रामसेवक चहाला उठला, तेवढ्यात एक शेळी आत शिरली आणि ठराव सह्यांसकट खाऊन गेली. सभा तहकूब, सरपंच खुर्चीत कायम. ग्रुपवर त्या दिवशी माणसं हसून हसून बेजार झाली होती.

हे कात्रण शोधून काढलं होतं सायखेड्याच्या सावळीराम कुट्यांनी. ते आत्ता फळ्यासमोर धोतराचा सोगा हातात धरून उभे होते आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"चोरी झाली म्हणायची," दीपक म्हणाला.

"चोरी कसली?" मागून आवाज आला. महेश कुलथे. कॉलेज रोडला मोबाइलचं दुकान, आणि ग्रुपवर ताईंचा उजवा हात. "परीक्षक येऊन मूळ कात्रण हातात घेऊन बघणार, असं ठरलं होतं ना? बघायची वेळ आली आणि कात्रण गायब. कुणाच्या सोयीचं आहे हे? ताई, स्पष्टच बोलतो. ते कात्रण खरं नव्हतंच."

२

सावळीरामकाकांनी एवढंच विचारलं, "म्हंजे मी खोटारडा?"

"मी कुणाचं नाव घेतलं नाही," महेश म्हणाला. "पण पेपराचं नाव नाही, तारीख नाही, गावाचं नावसुद्धा फाटलेलं. आजकाल फोनला सांगितलं की फोन कात्रण बनवून देतो. प्रिंट काढायची, चहाच्या पाण्यात बुडवायची, झालं जुनं. ताई, नियम तुमचाच आहे. मूळ दाखवता आलं नाही तर..."

तर काय, ते सगळ्यांना माहीत होतं. भर मेळाव्यात, जमलेल्या सगळ्या माणसांसमोर, सावळीराम कुटे खोटे ठरून ग्रुपच्या बाहेर जाणार. आणि काकांनी आज येताना अर्धं सायखेडं सोबत आणलेलं. जीप भरून भाऊबंद खाली रसवंतीवर बसले होते.

काकांच्या मंडळी, भागीबाई, पुढे झाल्या. पदर खोचलेला, डोळे लाल.

"अहो ताई, सांगते मी. आमचे द्राक्षाचे घड उन्हानं लाल पडू नये म्हून कागदात गुंडाळत्यात. तेच्यासाठी हे नाशकातून किलोनं रद्दी आणत्यात. आन गुंडाळायच्या आधी येकेक कागुद वाचत बसत्यात! बाया तिकडं खोळंबल्यात, आन ह्ये बांधावर बसून हसत्यात. लय भांडणं झाली आमची. पर खोटं? चाळीस वर्सं संसार केला, हा माणूस देवासमोर पन खोटं बोलत नाय. बोलता येत नाय त्याला."

"किती जुनं होतं हो कात्रण, काका?" ताईंनी विचारलं.

"पिवळं पडल्यालं, म्हंजी जुनंच. साल काय कळंना. मी आपली शेळीभवती कात्री फिरवली." काकांनी सोगा डोळ्यांना लावला. "ताई, मला शालबिल नको. पन मला हितून खोटा म्हून नका पाठवू. सकाळी उठून पयला फोन बघतो मी. पोरं परगावी. तुमीच मान्सं हायेत माझी."

 इतकी वर्षं ज्या नियमाची ज्योत्स्नाताईंनी मिरवणूक काढली, तो आज नेमका या माणसाच्या मानेवर येऊन बसला होता. नियम मोडला तर ग्रुपची अब्रू जाते, नियम पाळला तर काकांची. परीक्षक यायला फार वेळ नव्हता.

"कुणीही खाली जायचं नाही," ताईंनी बसस्थानकाचा आवाज लावला. "दार लावा."

सकाळपासून हॉलमध्ये पाचच माणसं होती. ताई, काका, महेश, दीपक, आणि नाशिकरोडच्या एका कंपनीत अकाउंट सांभाळणारी तृप्ती रोकडे. मांडामांड झाल्यावर एकेक जण नाश्त्याला खाली-वर करत होता. थोडा थोडा वेळ प्रत्येकजण वर एकटा होता. भागीबाई तर आत्ता आल्या होत्या.

ताईंनी फळा नीट न्याहाळला. कापड कुठे ओरबाडलेलं नव्हतं. कात्रणाचा फाटका कोपरासुद्धा मागे राहिला नव्हता. टाचण्या चारही काढून परत डबीत ठेवलेल्या, कारण खाली जमिनीवर एकही नव्हती. आणि आणखी एक वस्तू जागेवर नव्हती. प्रत्येक कात्रणाला एक, असे काळे पुठ्ठे त्यांनी स्वतः मोजून कापून आणले होते. शेळीचा पुठ्ठा वापरला गेला नव्हता, म्हणून टेबलाच्या कडेला उरला होता. त्यांनी तो सकाळी डोळ्यांनी पाहिला होता.

आता तोही नव्हता.

३

ताईंनी एकेकाला हॉलच्या टोकाच्या खिडकीत बोलावलं. चौकशी कशी करतात ते त्यांना शिकवायची गरज नव्हती. बस उशिरा आणून थाप मारणारा ड्रायव्हर त्या चेहऱ्यावरून ओळखायच्या.

पहिला महेश.

"मतांमध्ये दुसरा नंबर कुणाचा होता रे महेश?"

महेशचे कान लाल झाले. "माझा. स्मशानातल्या लग्नाचं कात्रण. पण ताई, शपथ, मी असल्या शालीसाठी नाही करणार हे. मला काकांचा राग नाही. मला भीती आहे ती ग्रुपची. एक खोटी बातमी खपली की आपण बाकीच्यांसारखेच झालो."

"कात्रण हातात घेतलं होतंस?"

"नाही. मी कडेला बसून नावाच्या पट्ट्या लिहीत होतो. हातात घेतलं असतं तर तेव्हाच कळलं असतं, खरं की खोटं."

दुसरा दीपक. नांदगावला बियाणांचं दुकान, जाडजूड, हसतमुख गडी. आज मात्र हसू पळालेलं.

"दीपक, शेळीला मत दिलं नाहीस तू. का रे?"

"ताई, आता लपवून काय उपयोग?" दीपकने घाम पुसला. "ते सरपंच म्हणजे माझे चुलते. शेळीसुद्धा आमचीच. ते अजून हयात आहेत, आणि अजून कुणी त्यांच्यासमोर शेळीचं नाव काढलं तर ताट सोडून उठतात. ग्रुपवर तुम्ही सगळे हसत होता, तेव्हा मी पण हसरी तोंडं टाकली दोन-चार. काय करणार! पण कात्रण मी नाही घेतलं. घेऊन फायदा काय? फोटो शंभर जणांच्या फोनमध्ये आहे."

ताई त्याच्याकडे बघतच राहिल्या. या भोळ्या गड्याने नकळत खरी गोम सांगितली होती. ज्याचा फोटो शंभर फोनांत आहे, तो कागद चोरून कुणाचं काय झाकलं जाणार? चुलत्यांची फजिती झाकायला कागद चोरणं म्हणजे गळक्या टाकीखाली हात धरणं.

"आणि एक सांग. ही बातमी खरी आहे, हे तुला पहिल्यापासून ठाऊक होतं. मग काकांना खोटं म्हणत होता महेश, तेव्हा तोंडात मिठाची गुळणी धरून का उभा राहिलास?"

दीपकने मान खाली घातली. "बातमी खरी आहे ताई. पण कागद खरा की छापून आणलेला, हे मी कसं सांगणार? आणि... चुलत्यांचं नाव निघालं असतं."

तिसरी तृप्ती. पस्तिशीची, नीटनेटकी, बोलायला गोड. ग्रुपवर तिच्या बाबांच्या किश्श्यांवर सगळे खूश. बाबा रेल्वेत मोठे साहेब होते. इगतपुरीला बंगला, दारात सलाम ठोकणारे गडी, आणि बाबांची ती कडक शिस्त. रविवारी तृप्तीने 'आमचे बाबा' म्हणून काही टाकलं की ताई स्वतः पहिली टाळी वाजवायच्या. आज प्रत्यक्ष भेटली तेव्हा ताईंनी तिला जवळ घेऊन विचारलं होतं, "साहेबांना का नाही आणलंस?" तेव्हा ती नुसतीच हसली होती.

आता मात्र तिचे ओठ कोरडे पडले होते.

"ताई, मला काही माहीत नाही. मी मान खाली घालून खळ लावत होते. पण काकांना खोटं नका ठरवू हो! महेशदादा काहीही बोलतोय. त्या मोठ्या पावसाच्या सालचं कात्रण आहे ते. अगदी खरं आहे. माझ्या बोलण्यावर विश्वास ठेवा ना."

"ठेवते की," ताई म्हणाल्या. "जा, पाणी पी."

तृप्ती गेली. ताई खिडकीत तशाच उभ्या राहिल्या. काहीतरी टोचत होतं, पण हाताला लागत नव्हतं. खाली रस्त्यावर परीक्षकांची रिक्षा येऊन थांबली.

४

"दीपक, परीक्षकांना खाली मिसळ खाऊ घाल. सावकाश. वर दुसरी प्लेट माग," ताईंनी फर्मावलं, आणि त्या उरलेल्या कात्रणांसमोरून फिरायला लागल्या.

बोट लावून बघत गेल्या. स्मशानातलं लग्न, पुठ्ठ्यावर चिकटवलेलं. विहिरीत पडून पोहायला शिकलेला वरबाप, चिकटवलेला. एकूण एक कात्रण खळीने पुठ्ठ्यावर पक्कं बसवलेलं. टाचण्या लावल्या होत्या त्या फक्त शेळीला.

"ती का चिकटवली नाही रे?" ताईंनी मोठ्याने विचारलं.

सावळीरामकाका म्हणाले, "तुमीच सांगितलं ना ताई? चिकटवू नका, टाचा म्हून."

"मी? तुम्हाला कुणी सांगितलं, मी असं म्हणाले?"

ताईंच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. अहो, हे तर फॉरवर्ड! आणि 'आक्रीत'वर फॉरवर्डचं काय करतात? ग्रुपची पद्धतच होती. कुणी अमुक आलंय म्हणून काही टाकलं, की ताई विचारायच्या, तुला कुणी पाठवलं? मग त्याला, तुला कुणी पाठवलं? असं उलट्या पावली जात जात उगमाशी पोचायचं. ज्याला पुढचं नाव सांगता येत नाही, बातमी त्याच्या घरची.

"मला महेशनं सांगितलं," काका म्हणाले.

"तुला कुणी, महेश?"

"दीपक म्हणाला, ताईंचा निरोप आहे."

ताईंनी खिडकीतून खाली बघून माइकशिवाय माइकसारखा आवाज टाकला. "दीपक! शेळी टाचायची हे तुला कुणी सांगितलं?"

दीपक हातात पावाची बशी घेऊन वर बघत ओरडला, "तृप्ती! तुम्हीच सांगितलंय म्हणाली!"

ताई वळल्या. तृप्ती पाण्याच्या माठाजवळ उभी होती. तिला पुढचं नाव सांगता येणार नव्हतं. ताईंनी तिला ते विचारलंही नाही. त्या काकांजवळ गेल्या आणि हळूच म्हणाल्या, "काका, शेळीच्या मागच्या बाजूला काय छापलेलं होतं?"

"मागं?" काकांनी डोकं खाजवलं. "मागं आपन कुठं वाचतो, ताई? शेळीच्या नादात होतो मी. मानूस होता कुनीतरी. डोक्यावर इरलं घेतल्याला. हसत होता."

इरलं. पानांचं, पावसात डोक्यावरून पाठीवर घ्यायचं. ते घाटमाथ्यावरचा माणूस घेतो, भर पावसाळ्यात.

सगळे धागे एका गाठीत आले. महेशला कात्रण खोटं पाडायचं असतं, तर त्याने ते फाडून फेकलं असतं. दीपकला चुलत्याची फजिती पुसायची असती, तर त्यानेही चोळामोळा केला असता. चोराने मात्र टाचण्या एकेक काढून डबीत ठेवल्या, आणि कागदाला घडी पडू नये म्हणून पुठ्ठासुद्धा सोबत नेला. चोराला कागद नाहीसा करायचा नव्हता, जपायचा होता. खळ लागली असती तर मागची बाजू कायमची गेली असती, म्हणून टाचण्या. आणि ती बाजू दिसणार कुणाला? खळ लावायला कात्रण पालथं करणाऱ्याला.

शिवाय समोरच्या बाजूला ना तारीख, ना पावसाचा थेंब. कात्रण शोधणाऱ्याला साल सांगता येत नव्हतं. तृप्तीला आलं होतं.

ताईंनी तिचा हात धरला आणि तिला गच्चीकडे जाणाऱ्या जिन्यात नेलं. तृप्तीच्या खांद्यावरची मोठी पर्स अंगाशी गच्च धरलेली होती.

"दाखव," ताई म्हणाल्या.

५

काळा पुठ्ठा आणि एक जाड वही, यांच्या मध्ये कात्रण निजवलेलं होतं. वही तिची स्वतःची, हिशेबाची.

"ताई, समोरची बाजू बघा आणि द्या काकांना. पण पाया पडते, उलटू नका."

ताईंनी उलटलं. न उलटून चालणारच नव्हतं. बातमीची वरची ओळ कात्रीत गेलेली, पण फोटो अख्खा होता. रुळांच्या कडेला, इरलं पांघरलेला, चिखलाने माखलेला एक माणूस. हातात लाल बावटा. आणि तोंडभर हसू. खाली छापलेलं होतं: घाटात दरड कोसळल्याचे पाहून धावत जाऊन गाडी थांबवणारे गँगमन पुंजाराम रोकडे, इगतपुरी.

"रोकडे," ताई हळूच म्हणाल्या.

तृप्ती पायरीवरच बसली. "माझे बाबा. घरी हे कात्रण भिंतीला लावलं होतं. त्याच पावसाळ्यात भिंत पाझरली, त्याचा लगदा झाला. बाबांचा हसतानाचा दुसरा फोटोच नाही हो आमच्याकडे. सगळे ओळखपत्रावरचे, डोळे वटारलेले. आज खळ लावायला कागद पालथा केला आणि बाबाच समोर!  सांगावं म्हटलं सगळ्यांना, आणि तोंडच उघडेना."

"का गं बाई?"

"मी काय सांगून ठेवलंय ग्रुपवर? साहेब, बंगला, सलाम. पहिल्या दिवशी कुणीतरी सहज विचारलं, बाबा काय करायचे, तर माझ्या बोटांनी टाइप केलं, रेल्वेत इंजिनिअर. का केलं, मला अजून कळलेलं नाही. मग तुम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मग रोज नवीन किस्सा. ताई, तुम्हा लोकांशिवाय मला कुणी नाही बोलायला. मी म्हटलं, फोटो तर सगळ्यांकडे आहे, कागद कोण विचारतंय? हळूच घेऊन जाईन, बाबांना दाखवीन. मग महेशदादा काकांवर घसरला आणि..." तिने तोंडावर पदर दाबला. "काढा मला ग्रुपमधून. तुमचा नियम आहे."

ज्योत्स्नाताईंना राग आला होता. आलाच होता, का लपवा? इतक्या रविवारी त्यांनी त्या साहेबाला टाळ्या वाजवल्या होत्या. पण हातातला तो इरल्यातला माणूस असा काही हसत होता, की रागाला पाय टेकायला जागाच मिळेना.

"हे बघ तृप्ती, मी हे कात्रण आत नेलं की महेश दोन्ही बाजू तपासणार. न्यायलाच हवं, नाहीतर काका खोटे ठरतात. मी काही लपवणार नाही. पण आधी कुणी बोलायचं, ते तू ठरव."

खाली हॉलमधून महेशचा आवाज आला, "ताई, परीक्षक वर येताहेत!"

तृप्तीने डोळे पुसले. कात्रण ताईंच्या हातातून घेतलं, आणि ती जिना उतरली.

हॉल भरला होता. सायखेड्याची जीप वर आली होती, नाशकातले बाकीचे लोक आले होते, परीक्षक चष्मा पुसत होते. तृप्ती सरळ माइकसमोर गेली.

"कात्रण मी घेतलं होतं," ती म्हणाली. "काकांनी नाही. महेशदादा, हे बघ. तपास."

महेशने कात्रण हातावर घेतलं. दोन्ही बाजूंना वर्तमानपत्राची छपाई होती, मागची बातमी कात्रीत मधेच तुटलेली. काकांच्या हाताला लागलेल्या द्राक्षावरच्या फवारणीचा निळसर डाग कडेला सुकला होता. त्याने वास घेतला, उजेडात धरलं, मग परीक्षकांकडे न देता तो थेट काकांसमोर जाऊन वाकला.

"चुकलो, काका. कान धरतो."

"सोड रं कान," काका म्हणाले आणि त्यांनी त्याला खांद्याला धरून उभं केलं. भागीबाईंनी पदर सोडला आणि त्या सगळ्या हॉलकडे वळून म्हणाल्या, "सांगितलं न्हवतं मी? नाय बोलता येत त्यास्नी खोटं!" सायखेड्याच्या मंडळींनी टाळ्यांचा असा कडकडाट केला की वाचनालयातला माणूस बघायला वर आला.

"अजून माझं संपलं नाही," तृप्ती म्हणाली. टाळ्या थांबल्या. "या कात्रणाच्या मागे एक फोटो आहे. ते माझे बाबा आहेत. ते साहेब नव्हते. इंजिनिअर नव्हते. आमचा बंगला नव्हता, रेल्वेच्या दोन खोल्या होत्या. ते गँगमन होते. भर पावसात रुळावरून चालत जायचे. त्या दिवशी दरड बघून ते गाडीच्या दिशेने धावत सुटले आणि गाडी थांबवली. एवढी मोठी गोष्ट माझ्याकडे होती, आणि मी तुम्हाला बंगल्याच्या थापा मारत बसले."

 सगळ्यांच्या नजरा ताईंकडे वळल्या. नियम ताईंचा होता.

ताई पुढे आल्या. "नियम बातम्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "घरच्या खबरबातीत हिने थापा मारल्या, त्याची शिक्षा म्हणजे तो प्रत्येक किस्सा हिने आता खरा लिहून टाकायचा. एकही सुटता कामा नये. कुणाचं काही म्हणणं आहे?"

म्हणणं काकांचं होतं. त्यांनी महेशच्या हातातून कात्रण घेतलं, धोतराला हात पुसून ते पालथं केलं, आणि बराच वेळ फोटो बघितला.

"पोरी, हे तुझं हाय," ते म्हणाले. "शेळी मी लय बघितली. फोटो काढून ठेवलाय मी तिचा. हा कागुद तू घरी ने. बाप हायेत ना अजून?"

"आहेत," तृप्ती म्हणाली. "इगतपुरीलाच."

"मग लाव की फोन! आमी बघू तरी त्यास्नी!"

तिने व्हिडिओ कॉल लावला. महेशने फोन माइकपाशी धरला. पडद्यावर आधी छत दिसलं, मग एक कान, मग पांढऱ्या दाढीचे खुंट वाढलेला एक म्हातारा चेहरा.

"बाबा, हे सगळे माझे दोस्त," तृप्ती म्हणाली. "यांना तुमचं ते कात्रण सापडलंय. दरडीचं."

"अगं बया! ते? त्याच्या मागं शेळी असंल बघ," म्हातारा म्हणाला. "सगळ्या गँगनं मला वर्षभर चिडवलं, पुंजाराम, तुझ्या पाठीवर शेळी छापली म्हणून!"

हॉलमध्ये हशा उसळला. दीपकसुद्धा हसला, चुलत्यांसकट सगळं विसरून. तृप्ती हसत नव्हती. तिने फोन महेशकडून स्वतःच्या हातात घेतला.

"बाबा, एक सांगायचंय. यांना मी खोटं सांगितलं होतं. तुम्ही रेल्वेत साहेब होतात म्हणून."

म्हाताऱ्याने फोन डोळ्यांजवळ आणला.  मग पडद्यावरचं तोंड हळूहळू रुंदावत गेलं.

"साहेब?" पुंजाराम म्हणाले. "अगं येडे, साहेब तर त्या गाडीत होता. झोपलेला. त्याला उठवलं कुणी, ते विचार ना!"

टाळ्या थांबता थांबेनात. तृप्ती रडत होती आणि हसत होती, आणि मागच्या रांगेतल्या लोकांनाही बाबा नीट दिसावेत म्हणून तिने फोन दोन्ही हातांनी डोक्याच्या वर धरला होता.